बासमतीचा मोकळा भात

आपल्या मराठी भाषेंत शेतांत उभ्या असलेल्या पिकासही भात म्हणतात आणि ताटांत वाढलेल्या अन्नासही भातच म्हणतात. ज्यांनीं हा शब्द चालविला त्यांच्या मनांत शेत आणि पातेलें हीं दोन निरनिराळीं खातीं नव्हतीं, असें आम्हांस वाटतें. पुढें मात्र तीं निराळीं झालीं. पिकवावें शेतकऱ्यानें, भरडावें गिरणीवाल्यानें, विकावें वाण्यानें आणि शिजवावें घरांतील बायकांनीं, अशी वाटणी पडली. आणि एकाच्या कामाचा दुसऱ्याच्या कामावर काय परिणाम होतो, याची विचारपूस कोणी करीनासें झालें. आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या दफ्तरांत गेली. गांवनमुना बारा भरतांना भाताखालचें क्षेत्र आम्हीं किती वेळां लिहिलें याची गणती नाहीं. पण तो भात शिजल्यावर कसा होतो, याला कोणत्याही नमुन्यांत रकाना नाहीं. व्यापाऱ्याच्या वहींत मात्र तो रकाना असतो, आणि पुष्कळदां त्यावरच भाव ठरतो.

प्रस्तुत लेखांत बासमती तांदळाचा भात चुलीवर अथवा गॅसच्या शेगडीवर मोकळा कसा शिजवावा, हें सांगावयाचें आहे. विषय स्वयंपाकघराचा दिसतो. तो शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, भात मोकळा व्हावयाचा कीं गिचका, हें निम्मेंअधिक शेतांत, खळ्यावर, गिरणींत आणि कणगींत ठरून गेलेलें असतें. उरलेलें पातेल्यांत ठरतें. ज्यास पातेल्यांतील परीक्षा येत नाहीं, तो आपला माल विकतांना नाडला जातो आणि दुसऱ्याचा विकत घेतांना फसतो. म्हणून हा विषय घरधन्यानें आणि घरधनिणीनें दोघांनींही समजून घेण्यासारखा आहे.

बासमती कोणास म्हणावें:—बासमती हा हिमालयाच्या पायथ्याचा तांदूळ. त्याचें नांवच वासावरून पडलें आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, दिल्ली व उत्तराखंड हीं राज्यें आणि उत्तर प्रदेश व जम्मू या बाजूचे कांहीं जिल्हे एवढ्याच मुलुखांत पिकलेल्या तांदळास ‘बासमती’ म्हणतां येतें. तसें भौगोलिक निर्देशन २०१६ सालीं नोंदलें गेलें आहे. दाणा भरण्याच्या वेळीं, म्हणजे आश्विन-कार्तिकाच्या सुमारास, तिकडे रात्री थंड होऊं लागतात. त्या थंडाव्यांत दाणा सावकाश भरतो आणि त्याचा सुवास टिकतो. तेंच बीं उष्ण प्रदेशांत लावलें तर पीक येतें, पण दाण्याची ती लांबी व तो वास पुरता उतरत नाहीं.

या गुणांचें मोल परक्यांस आपल्याआधीं कळलें, हें सांगावयास हरकत नाहीं. १९९७ सालीं अमेरिकेंतील राइसटेक नांवाच्या कंपनीनें बासमतीच्या वळणाच्या तांदळावर तिकडच्या कचेरींतून पेटंट मिळविलें. त्यांतील दाव्यांत दाण्याची लांबी, त्यांतील सुवासाच्या द्रव्याचें प्रमाण, आणि शिजल्यावर दाणा किती लांबतो, या गोष्टी कलमवार लिहिल्या होत्या. भारतानें २००० सालीं रीतसर हरकत घेतली, तेव्हां पुढील दोन वर्षांच्या आंत बहुतेक दावे सुटले. वाद बियाण्याचा होता तितकाच तो शिजलेल्या शिताचा होता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

बासमतीच्या जाती पुष्कळ आहेत. ‘बासमती ३७०’ ही निवड १९३३ सालीं काला शाह काकू येथील भात-संशोधन केंद्रांतून बाहेर पडली. तें ठिकाण आज पाकिस्तानांत आहे. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें १९८९ सालीं ‘पुसा बासमती १’ ही ठेंगणी व अधिक उतारा देणारी जात दिली. त्याच संस्थेच्या ‘पुसा बासमती ११२१’ या जातीचा दाणा तर कच्चाच आठ मिलिमीटरांच्या आसपास असतो आणि शिजल्यावर अडीचपटीपर्यंत लांबतो. साधारण बासमतीचा दाणा शिजून सुमारें दुप्पट होतो. तो लांबींत वाढतो, जाडींत फारसा वाढत नाहीं. हीच त्याची खरी ओळख होय.

दाण्याच्या पोटांत काय असतें:—भात मोकळा कां होतो हें कळलें म्हणजे पुढील सर्व कृति आपोआप सुचते. तांदळांत मुख्य भाग पिठुळ द्रव्याचा, म्हणजे स्टार्चचा. हा स्टार्च दोन प्रकारचा असतो. एकास अमायलोज म्हणतात. त्याची घडण सरळ दोऱ्यासारखी. दुसरा अमायलोपेक्टिन, त्याची घडण फांद्याफांद्यांची. फांद्यांचा स्टार्च जास्त असला तर भात चिकट होतो. ईशान्य भारतांत जो चिकट तांदूळ खातात त्यांत अमायलोज जवळजवळ नसतोच. अमायलोज फार झाला तर भात मोकळा होतो खरा, पण निवाल्यावर खड्यासारखा कडक लागतो. बासमतींत अमायलोजचें प्रमाण मधलें, सुमारें शेंकडा २० ते २५, असतें. म्हणून त्याचा भात मोकळा असून मऊ राहतो.

पाण्यांत उष्णता लागली म्हणजे हा स्टार्च पाणी पिऊन फुगतो. बासमतीच्या बाबतींत हें सुमारें ७० अंश सेल्सिअसच्या पुढें घडतें. दाणा अखंड असेल तर फुगलेला स्टार्च आपल्या कोंदणांत राहतो. दाणा तुटला, तडकला किंवा ढवळण्यानें खरवडला गेला, तर आंतील स्टार्च बाहेर येऊन पाण्यांत मिसळतो आणि शितास शीत चिकटवतो. म्हणजे चिकटपणाचें मूळ दाण्याबाहेर पडलेल्या स्टार्चांत आहे. यापुढें जें जें सांगावयाचें आहे, तें सर्व या एका वाक्याचें विवरण होय.

खळ्यावरची गोष्ट:—भात कापावयास उशीर झाला आणि तो ताटावरच कडकडीत वाळला, रात्रीच्या दंवानें भिजला, पुन्हां उन्हानें तापला, म्हणजे दाण्याच्या पोटांत बारीक आडव्या चिरा पडतात. त्या टरफलांत दिसत नाहींत. गिरणींत गेल्यावर त्याच चिरांवर दाणा मोडतो आणि कणी वाढते. गिरणींतून जे चिरलेले दाणे अखंड सुटतात, ते पातेल्यांत मोडतात. म्हणून बहुतेक लोंब्या पिवळ्या झाल्या आणि दाण्यांत शेंकडा २० ते २२ ओलावा उरला, कीं कापणी धरावी. मळणीनंतर भात भर उन्हांत पातळ पसरून एका दिवसांत वाळविण्याची घाई करूं नये. जाड थर देऊन, वरचेवर पाय फिरवून, शक्य तेथें सावलींत दोन-तीन दिवसांत तो शेंकडा १३-१४ ओलाव्यावर आणावा. दाणा दातांखालीं घातला असतां ‘कट्’ असा स्वच्छ तुटावा; चेपला जाऊं नये.

भरडतांनाही अति शुभ्रतेचा हव्यास सोडावा. फार पॉलिश केल्यानें दाण्याचें वरचें पौष्टिक कवच जातें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत डॉ. आइकमन यांनीं पॉलिशच्या तांदळावर वाढविलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा खाऊं घातला कीं त्या बऱ्या होतात, हें दाखविलें. त्याबद्दल त्यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पांढरेपणा हा डोळ्यांचा विषय आहे, मोकळेपणाचा नव्हे.

जुना तांदूळ:—‘तांदूळ जुना आहे काय?’ असें आपल्या आजा-आजी वाण्यास विचारीत. तें विचारणें अगदीं शास्त्रशुद्ध होतें. नवा तांदूळ शिजतांना पाण्यांत स्टार्च फार सोडतो. तोच वर्षभर ठेवला म्हणजे दाण्यांतील स्टार्च, प्रथिनें व स्निग्ध अंश यांची घडण आवळत जाते. दाणा पाणी अधिक पितो, अधिक फुगतो, पण आपलें पोट बाहेर सांडीत नाहीं. बासमती निदान एक वर्ष मुरवितात तो यासाठींच. मात्र यांत एक देणें आहे व एक घेणें आहे: मुरतांना भात मोकळा होत जातो, पण वास हळूहळू कमी होतो. टरफलासह, म्हणजे साळीच्या रूपांत, ठेविला तर दाणा अधिक सुरक्षित राहतो. भरडून ठेविला तर वास लवकर उडतो आणि किडीसही वाट मिळते. यास्तव घरच्या पोटगीचा भात साळ म्हणूनच ठेवावा आणि दोन-दोन महिन्यांच्या बेतानें भरडून आणावा. कणगी जमिनीपासून उंच असावी, आंत ओल नसावी. ओलसर साळ मुरत नाहीं. ती कुबट होते आणि तिला बुरशी येते. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालण्याची जुनी रीत आहे. पण पाल्यापेक्षां कोरडेपणावर अधिक भरंवसा ठेवावा.

येथें पैशाची गोष्टही स्पष्ट बोलली पाहिजे. खळ्यावर विकला तो नवा माल. वर्षानें तोच जुना म्हणून चढ्या भावानें शहरांत विकला जातो. मधल्या काळाचा नफा ज्याच्याजवळ कोठार आहे आणि थांबण्याची ऐपत आहे, त्याच्या पदरीं पडतो. सगळा माल अडवून ठेवा असें आम्ही म्हणत नाहीं. सावकाराचें व सोसायटीचें देणें कोणास चुकलें आहे? पण निदान घरच्या खाण्यापुरता, आणि जमल्यास थोडा विक्रीपुरता, मुरवून पाहावा, म्हणजे आपण नेमकें काय विकतों हें कळूं लागेल.

धुणें व भिजविणें:—आतां स्वयंपाकघरांत येऊं. तांदूळ निवडून कणी वेगळी काढावी. कणी टाकूं नये. तिची खिचडी किंवा पेज करावी. मोकळ्या भातांत मात्र कणी म्हणजे गोंद होय. तांदूळ रुंद भांड्यांत घेऊन भरपूर पाण्यांत हलक्या बोटांनीं फिरवावे व पाणी ओतून द्यावें. तीन-चार वेळां असें केल्यावर पाणी बरेंचसें निवळ दिसतें. भरडतांना दाण्यास लागलेलें पीठ यानें निघून जातें. हातावर रगडून धुऊं नये. बासमतीचा लांब दाणा रगडल्यानें मोडतो. कित्येक जण दहादहा पाण्यांनीं धुतात. तें व्यर्थ आहे, त्यांत जीवनसत्त्वें मात्र जातात.

धुतलेले तांदूळ दुसऱ्या स्वच्छ पाण्यांत २० ते ३० मिनिटें भिजत ठेवावे. भिजल्यानें पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोंचतें. मग विस्तवावर बाहेरचा व आंतला भाग बरोबर शिजतो. न भिजविलेल्या दाण्याचा गाभा शिजेपर्यंत बाहेरचा थर फाटून जातो आणि स्टार्च सुटतो. शिवाय भिजलेला दाणा लांबींत चांगला फुलतो. पण तासन्‌तास भिजवूं नये. अति भिजलेला बासमती ठिसूळ होतो. उकडलेला बासमती, ज्यास बाजारांत ‘सेला’ म्हणतात, त्यास मात्र जास्त वेळ, निदान तासभर, भिजत ठेवावें लागतें, कारण साळींतच एकदां वाफवल्यामुळें त्याचा दाणा कठीण झालेला असतो. भिजल्यावर तांदूळ रोवळींत उपसून दहा मिनिटें निथळूं द्यावे. निथळल्याशिवाय पाण्याचा बेत कधींच साधत नाहीं. कारण दाण्यांमध्यें अडकलेलें पाणी आपल्या मापांत येत नाहीं.

पाण्याचा बेत:—‘एका वाटीस दोन वाट्या’ हें माप बहुतेकांच्या तोंडीं असतें. तें न भिजविलेल्या तांदळास, हलक्या झांकणाच्या भांड्यांत, कसें तरी चालतें. भिजवून निथळलेल्या बासमतीस घट्ट झांकणाच्या जाड बुडाच्या पातेल्यांत एका वाटीस दीड वाटी पाणी पुरतें. तांदूळ फार जुना असेल तर पावणेदोन. वाटी मात्र कोरडे तांदूळ मोजलेलीच घ्यावी.

याहून महत्त्वाचें असें कीं, पाण्याचे दोन हिस्से असतात. एक हिस्सा दाणा पितो; तो तांदळाच्या प्रमाणांत वाढतो. दुसरा हिस्सा वाफ होऊन उडतो. तो भांड्याच्या तोंडावर, झांकणावर आणि शिजण्याच्या वेळावर अवलंबून असतो, तांदळाच्या मापावर नव्हे. म्हणून एका वाटीस दीड वाटी लागली, तर चार वाट्यांस सहा वाट्या घालणें ही चूक होय. पांच ते सवापांच पुरतात. घरांत चार माणसांचा भात नेहमीं मोकळा होतो आणि पाहुणे आले कीं हटकून गिचका होतो, याचें कारण हें त्रैराशिक होय. हिशेब बरोबर असतो. गृहीत धरलेली गोष्ट मात्र चुकीची असते.

उंचीचाही विचार करावा. महाबळेश्वरासारख्या ठिकाणीं पाणी ९५-९६ अंशांवरच उकळतें; तेथें भातास वेळ अधिक लागतो आणि पाणी किंचित वाढवावें लागतें. देशावरील कित्येक विहिरींचें पाणी जड व क्षारयुक्त असतें. त्यांत भात पिवळसर दिसतो. अशा पाण्यांत लिंबाचे पांच-सात थेंब पिळले तर शीत पांढरें राहतें.

बेताच्या पाण्याची रीत:—जाड बुडाचें पातेलें घ्यावें. त्यांत चमचाभर तूप तापवून निथळलेले तांदूळ दोन मिनिटें अगदीं हळू परतावे. यानें दाण्यावर तुपाचा पातळ लेप बसतो. परतणें आवश्यकच आहे असें नाहीं. साध्या भातास तूप पाण्यांत घातलें तरी चालतें. मग मोजलेलें पाणी आधणासारखें गरम करून ओतावें, बेताचें मीठ घालावें आणि एकदांच, तळापासून, हलक्या हातानें सारखें करावें. यापुढें कालथा किंवा डाव आंत घालूं नये.

झांकण न ठेवतां मध्यम आंचेवर उकळी येऊं द्यावी. पांच-सहा मिनिटांत पाणी तांदळाच्या पृष्ठभागापर्यंत उतरतें आणि भातावर बारीक भोंकें दिसूं लागतात. हीच झांकण ठेवण्याची वेळ. झांकणाच्या आंतल्या बाजूस स्वच्छ सुती फडकें ताणून बांधावें आणि त्याचीं टोकें वर घ्यावीं, म्हणजे वाफेचे थेंब पुन्हां भातावर पडत नाहींत आणि फडकें विस्तवापासूनही दूर राहतें. आंच अगदीं बारीक करून आठ ते दहा मिनिटें ठेवावें. शेगडीची ज्योत बारीक करूनही मोठीच राहत असेल, तर पातेल्याखालीं लोखंडी तवा द्यावा. चुलीवर शिजवावयाचें तर लांकडें ओढून घ्यावीं आणि निखाऱ्यावर ठेवावें. झांकणावर दोन निखारे ठेवले तर उत्तमच. जुन्या चुलीचा हा एक गुण गॅसच्या शेगडींत नाहीं: ती विझतां विझतां भाताला दम देते.

विस्तव बंद केल्यावर दहा मिनिटें झांकण उघडूं नये. या दहा मिनिटांवर अर्धें यश असतें. त्या वेळांत तळाचा व वरचा ओलावा सारखा होतो, आणि तापलेलें, नाजूक असलेलें शीत थोडें आवळून घट्ट होतें. घाईनें उघडून ढवळलें तर दाणे मोडतात. दहा मिनिटांनंतर उलथण्याच्या कडेनें, भांड्याच्या काठाकडून आंत, भात उचलून सोडावा. दाबूं नये, घोटूं नये. परातींत काढून ठेवावयाचा असेल तर पसरट काढावा. ढीग केला कीं आपल्याच वाफेनें तो खालीं चिकटतो.

वेळून काढण्याची रीत:—मोठ्या पंगतीस, पुलावास किंवा साखरभातास दुसरी रीत बरी पडते. एका वाटीस सात-आठ वाट्या पाणी उकळावें, मीठ सढळ घालावें, आणि भिजलेले तांदूळ त्यांत सोडावे. खळखळून उकळत्या पाण्यांत दाणे सुटे फिरतात, सुटलेला स्टार्च पाण्यांत पातळ होऊन जातो. पांच ते सात मिनिटांनीं शीत काढून दोन बोटांत चेपावें: बाहेरून मऊ आणि गाभ्यांत टिंबाएवढी कणी लागली म्हणजे वेळ झाली. लगेच तोंडावर वेळणी धरून पेज ओतून काढावी, भात पातेल्यांत परत घालून वर चमचाभर तूप सोडावें, घट्ट झांकून बारीक आंचेवर दहा मिनिटें दम द्यावा. इराणांत, जेथें आपल्याकडील बासमती मोठ्या प्रमाणावर जातो, हीच रीत मुख्य आहे. तेथें तळाशीं मुद्दाम खरपूस पापुद्रा धरूं देतात आणि तो मोठ्या आवडीनें खातात.

या रीतीचा फायदा असा कीं, पाण्याचें माप चुकण्याचा प्रश्नच उरत नाहीं. तोटा असा कीं, पाण्यांत उतरलेलीं जीवनसत्त्वें पेजेबरोबर जातात. म्हणून पेज मोरींत ओतूं नये. जिरें व हिंगाची फोडणी देऊन घरांतील माणसांनीं ती प्यावी, किंवा पिठांत मळावी, अथवा निवल्यावर गुरांच्या आंबोणांत घालावी. कोंकणांतील लोकांस पेजेचें मोल सांगण्याची गरज नाहीं.

दोष व त्यांचीं कारणें:—भात चिकट झाला, तर तांदूळ नवा, कणी फार, धुणें कमी, पाणी जास्त किंवा मध्यें ढवळणें, यांपैकीं कांहीं तरी झालें आहे. गाभ्यांत कच्चा पण बाहेरून फाटलेला असेल, तर भिजविणें राहिलें आहे. वरचा कोरडा व तळचा लगदा झाला, तर आंच मोठी व झांकण सैल होतें. दाणे मोडले, तर रगडून धुतले, फार भिजविले, किंवा तांदूळच खळ्यावर तडकलेला होता. या शेवटच्या दोषास गृहिणीचा कांहीं उपाय चालत नाहीं. त्याचें उत्तर शेतकऱ्यानें द्यावयाचें आहे. उरलेला भात दिवसभर उघड्यावर ठेवूं नये; शिजलेल्या भातांत उबेनें विषारी जंतु वाढतात, आणि ते परतल्यानें जात नाहींत. तो लवकर निववून थंड जागीं ठेवावा. दुसऱ्या दिवशीं त्याचा फोडणीचा भात उत्तम होतो, कारण निवालेलें शीत घट्ट झालेलें असतें.

आपल्या तांदळाचें काय:—येथवर वाचून कोणी म्हणेल, मग आम्हीही बासमतीच लावावा. तसें आम्ही सुचवीत नाहीं. महाराष्ट्रांत पिकवून त्यास बासमती म्हणून विकतां येणार नाहीं, आणि तो वासही उतरणार नाहीं. उलट मुळशी भागाचा आंबेमोहोर आणि आजऱ्याचा घनसाळ यांसही भौगोलिक निर्देशन मिळालेलें आहे. बासमतीच्या सुवासाचें मुख्य द्रव्य, २-अॅसिटिल-१-पायरोलिन, तेंच आपल्या सुवासिक तांदळांतही आहे. दाणा मात्र आंखूड आहे व भात मऊ, थोडा चिकट होतो. तो दोष नव्हे. वरणभाताची मूद पानांत उभी राहावयास शितानें शितास धरून राहावें लागतें. बासमतीची मूद वाढल्याबरोबर विसकटते. मसालेभात, पुलाव यांस मोकळा दाणा हवा. ज्याचें काम त्यास द्यावें. वडगांव मावळ येथें आंबेमोहोर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरांतून काढलेली इंद्रायणी जात आज घरोघर खाल्ली जाते ती याच मऊपणासाठीं. अशा तांदळाचा भात त्यांतल्या त्यांत मोकळा करावयाचा असेल, तर वर्षभर मुरलेला घ्यावा, भिजवूं नये किंवा दहा मिनिटेंच भिजवावा, आणि वेळून काढण्याची रीत वापरावी.

शितावरून परीक्षा:—शेवटीं एक सोपी परीक्षा सांगतों. ती विकतांना करावी, विकत घेतांनाही करावी. नमुन्यांतून दहा अखंड दाणे निवडून पट्टीवर टोकास टोक लावून ओळींत ठेवावे व लांबी लिहावी. बासमतीच्या दहा दाण्यांची ओळ साडेसहा सेंटिमीटरांहून अधिक भरली पाहिजे. तेच दाणे अर्धा तास भिजवून, फडक्याच्या पुरचुंडींत सैल बांधून, उकळत्या पाण्यांत शिजवावे. निवाल्यावर पुन्हां मोजावे. लांबी दुपटीच्या आसपास गेली, दाणे फाटले नाहींत, आणि वास शिजल्यावरही राहिला, तर माल खरा. वास कोरड्या दाण्यास भरपूर पण शिजल्यावर नाहींसा, असें झालें तर तो वरून लावलेला समजावा. १ ऑगस्ट २०२३ पासून बासमतीसाठीं सरकारी मानकें लागू आहेत. त्यांत कृत्रिम रंग, कृत्रिम वास व पॉलिशचीं द्रव्यें यांस मनाई असून, शिजल्यावर लांबण्याचें प्रमाण, अमायलोज, ओलावा व इतर तांदळाची भेसळ यांच्या मर्यादा ठरविल्या आहेत. मानकें कागदावर आहेत. पट्टी व पातेलें आपल्या घरांत आहे.

हीच परीक्षा आंबेमोहोर, घनसाळ, कोलम कशाचीही करावी आणि वहींत टिपून ठेवावी: कोणत्या शेताचा भात, केव्हां कापला, किती दिवस वाळविला, किती महिने मुरला, शिजल्यावर कसा झाला. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून कोणत्या खाचरांतील भात कधीं कापावा हें आपोआप दिसूं लागेल. सरकारी नमुन्यांत हा रकाना नाहीं. आपल्या वहींत तो आंखून घेण्यास कोणाची मंजुरी लागत नाहीं. ज्या घरांत हा रकाना भरला जाईल, तेथील शेतकरी भाव ठरवितांना व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसणार नाहीं, आणि तेथील ताटांतला भातही मोकळाच असेल.